एक ट्रॅक घ्या, एक ट्रॅक ठेवा

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढचं वाचताना माझ्याकडून कुणी फारशी अपेक्षा ठेवणार नाही. दारावरची बेल जरा जास्त वेळ वाजली तरी मी आधी दिवा बंद करते. लग्न केलं नाही, त्याची कारणं इथे नकोत, पण त्यातलं एक कारण भीती होतं एवढं कबूल करते.

बाबा याच्या बरोबर उलट. ते वागळे इस्टेटमधल्या एका व्हॉल्व्हच्या कारखान्यात तपासणी खात्यात होते. इतरांनी बनवलेला माल मोजायचा, ठीक असेल तर सही करायची, नसेल तर नापासचं लेबल लावून परत पाठवायचा, हे त्यांचं काम. त्यांच्या सहीशिवाय माल गेटबाहेर जात नसे. मालक येऊन पाठीमागे उभा राहिला तरी बाबा आधी खिशातून चष्मा काढत, तो पुसत, मग मोजत. "आपण सही केली की ती वस्तू आपली," असं ते म्हणत. "उद्या फुटली तर आपण पुढे व्हायचं." घरातही तेच. बँकेचा कागद असो की माझ्या शाळेचं प्रगतिपुस्तक, चष्मा लावून पूर्ण वाचल्याशिवाय त्यांनी कधी सही केली नाही. प्रगतिपुस्तकाच्या बाबतीत मला ते फार महागात पडलं.

आई गेल्यावर बाबा बोलेनासे झाले. जेवायला वाढलं तर जेवत, टीव्ही लावला तर बघत. अशा वेळी आमच्या मजल्यावरच्या एका काकांनी त्यांना ओढून कराओकेला नेलं. डोंबिवलीत निवृत्त माणसाला दोनच वाटा असतात, गुडघे किंवा कराओके. बहुतेक जण दोन्ही करतात. रविवारी सकाळी एका कार्यालयाचा वरचा हॉल भाड्याने घ्यायचा, स्पीकर लावायचा आणि जुनी गाणी म्हणायची. गायकाचा आवाज काढून टाकलेलं नुसतं संगीत मिळतं, त्याला ट्रॅक म्हणतात. कुणीतरी स्टुडिओत बसून सगळी वाद्यं नव्याने वाजवून तो तयार करतो आणि ऑनलाइन विकतो. विकत घेणाऱ्याने आपल्यापुरता वापरायचा, असं त्याच्याबरोबर लिहिलेलं असतं. ते कोण वाचतं? सबंध डोंबिवलीत वाचणारा एकच माणूस होता, पण त्याच्याकडे ट्रॅक पोहोचायचे तोवर ते लिहिलेलं गळून पडलेलं असायचं.

पहिल्या रविवारी बाबा नुसते ऐकून आले. दुसऱ्या रविवारी गायले. घरी आल्यावर त्यांनी स्वतःहून चहा मागितला, तेव्हा मी स्वयंपाकघरात तोंड फिरवून रडले.

ग्रुपमध्ये प्रत्येकाने वेगवेगळे ट्रॅक घेतलेले. एकाकडचा दुसऱ्याला पाठवायचा तर फोन भरून जायचे, म्हणून सगळ्यांसाठी एक ऑनलाइन फोल्डर करायचं ठरलं. खातं उघडायला नाव लागतं. आपल्याकडे मानाचं पान वडीलधाऱ्याला, नारळ फोडायचा तर वडीलधाऱ्याने. त्याच हिशोबाने खातंही ग्रुपमधल्या सर्वात वयस्कर माणसाच्या नावावर, म्हणजे बाबांच्या. त्यांचा फोन नंबर, त्यांचं पूर्ण नाव, आणि वर एका सत्कारातला शाल-श्रीफळाचा फोटो. खाली 'संस्थापक-अध्यक्ष'. संस्था वगैरे काही नव्हती. सगळ्यांनी मिळून त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि ते चढले. मलाही कौतुक वाटलं. मी तो फोटो दोन मावश्यांना पाठवला.

मग बाबांमधला तपासनीस जागा झाला. बाजाची पेटी काढून ते एकेक ट्रॅक ऐकायला बसले. कुठला काळी एकमध्ये, कुठला पांढरी पाचमध्ये, हे लावून बघायचं आणि फाइलच्या नावापुढे पट्टी लिहायची. बायकांच्या पट्टीतले वेगळे, पुरुषांच्या पट्टीतले वेगळे, जोडगाणी वेगळी. खरखर असलेले, मध्येच ठेका सुटलेले ट्रॅक त्यांनी बाजूला काढले आणि त्या कप्प्याला नाव दिलं 'नापास'. फोनवर मराठी टाइप करायला ते यासाठी शिकले. ऑफिसातून येऊन मी दार उघडलं की आतून पेटीचा एकच सूर यायचा, आणि मला वाटायचं, घरात कुणीतरी आहे.

आमच्या आईचा एक नियम होता. शेजारून वाटी आली तर ती रिकामी परत जायची नाही. काही नसलं तर चमचाभर साखर घालायची, पण रिकामी नाही. बाबांनी तो नियम फोल्डरला लावला. सगळ्यात वर, उघडल्या उघडल्या दिसेल असं, त्यांनी लिहिलं: 'एक ट्रॅक घ्या, एक ट्रॅक ठेवा.' खाली स्वतःचं नाव.

लोकांना हे फार आवडलं. फोल्डरची लिंक आधी कल्याणच्या एका ग्रुपला गेली, तिथून ठाण्याला, बदलापूरला, कुणाच्या तरी साडूकडून नाशिकला. लिंक ज्याच्याकडे असेल त्याला दार उघडं. अनोळखी माणसं ट्रॅक घेत होती आणि नियमाप्रमाणे ठेवतही होती. बाबा जेवताना सांगायचे, "आज बघ, कोल्हापूरहून सहा आले. त्यातले चार पास." कुठे चोरी होतेय, कुणाच्या पोटावर पाय येतोय, हे आमच्या कुणाच्या डोक्यातही आलं नाही. विकत घेतलेली वस्तू चार जणांत वाटली तर त्याला आपल्याकडे चांगुलपणा म्हणतात.

आणि मग नोटीस आली.

बाबांनी मला ती ऑफिसातून आल्यावर दाखवली. ईमेलवर आली होती, वकिलाच्या नावाने, इंग्रजीत. ट्रॅक विकणाऱ्या एका कंपनीच्या वतीने. आमचे ट्रॅक तुमच्या नावावरच्या खात्यातून विनापरवाना वाटले जात आहेत, वाटायला लोकांना प्रोत्साहन दिलं जात आहे, ताबडतोब बंद करा, नुकसानभरपाई द्या, अन्यथा दिवाणी आणि फौजदारी कारवाई. मागे ट्रॅकची नावं जोडलेली. बाबांनी ती सगळी वाचली होती. चष्मा अजून नाकावर होता.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "सगळे आपल्याकडे आहेत. एक नाव दोनदा आलंय तेवढं."

आधी मी मनाशी धरून बसले की हे फसवणुकीचं प्रकरण असणार. हल्ली पोलिसांच्या वेशात व्हिडिओ कॉल करून म्हाताऱ्यांना घरातच अटक झाल्याचं सांगतात, पैसे उकळतात, रोज ऐकतो आपण. देवा, हे चोरच असू देत, अशी प्रार्थना करणारी त्या संध्याकाळी डोंबिवलीत मी एकटीच असेन. पण नोटिशीवरचा पत्ता खरा निघाला, वकील खरा निघाला, फोन केला तर त्याच्या कारकुनाने आवाज न चढवता सगळं सांगितलं. चोर इतके सभ्य नसतात.

ग्रुपवर मी नोटीस टाकली. वाटलं, चाळीस माणसं आहेत, निवृत्त बँकवाले, शिक्षक, एक जण तर विक्रीकर खात्यातले, काहीतरी मार्ग निघेल. सगळ्यांनी वाचल्याच्या निळ्या खुणा उमटल्या. मग पडद्यावर एकामागून एक ओळी यायला लागल्या. अमुक यांनी ग्रुप सोडला. तमुक यांनी ग्रुप सोडला. बाबा शेजारी बसून बघत होते. ज्यांनी त्यांना शाल घातली होती ते गृहस्थही गेले. जाताना त्यांनी मला वेगळा मेसेज केला, 'ताई, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. काकांना सांभाळा. आणि माझं नाव कुठे येणार नाही ना, तेवढं बघा.'

मानाच्या पानावरची भाजी आता एकट्या बाबांनी संपवायची होती.

त्यानंतरचे दिवस मी नीट जेवले नाही. खाली जीप थांबली की गॅलरीत जाऊन बघायचं. अनोळखी नंबर आला की फोन उशीखाली सरकवायचा. ऑफिसात कॉम्प्युटरवर मी कायदा वाचायचे. त्यात दंड होता आणि तुरुंगही होता. तो शब्द दिसला की मला पोलीस स्टेशनचं बाकडं दिसायचं आणि त्यावर बाबा, इस्त्रीचा शर्ट, खिशात चष्म्याचं घर, बरोबर प्रेशरच्या गोळ्या नाहीत. ऐंशी ओलांडलेला माणूस. आयुष्यात ट्रॅफिक हवालदाराशीही ज्याचं बोलणं झालं नाही असा. कर नाही त्याला डर कशाला, असं लोक सहज म्हणतात. इथे 'कर' होतं, हीच तर पंचाईत होती.

बाबा स्वतः घाबरले नव्हते, आणि त्यामुळे मला जास्त भीती वाटत होती. "आपण उत्तर लिहू," ते म्हणायचे. "झालं ते झालं म्हणायचं. फोल्डर मी लावलं, नियम मी लिहिला. चूक असेल तर चूक." मी म्हटलं, "बाबा, तुम्ही कुणाशी एक अक्षर बोलायचं नाही. माझी शपथ आहे."

माझी शाळेतली एक मैत्रीण ठाण्याला कोर्टात वकिली करते. तिच्या ऑफिसात आम्ही दोघं गेलो. तिने सगळं शांतपणे वाचलं, फोल्डर उघडून बघितलं. वरच्या ओळीवर आली आणि थांबली.

"हे कोणी लिहिलं? एक घ्या, एक ठेवा?"

बाबा म्हणाले, "मी."

तिने पेन खाली ठेवलं. "काका, खातं तुमच्या नावावर आहे याने फारसं बिघडत नाही. नाव कुणाचंही असू शकतं. कायदा विचारतो, तुम्हाला माहीत होतं का? माहीत असून होऊ दिलं का? लोकांना करायला लावलं का? हे वाक्य सगळ्याचं उत्तर हो असं देतंय."

"हिच्या आईचा नियम होता तो, शेजारची वाटी रिकामी परत पाठवायची नाही," बाबा म्हणाले.

"ते खरं, पण कोर्टात वाटी चालत नाही," ती म्हणाली, तसं प्रेमानेच. मग माझ्याकडे वळली. "मी तुला खोटं लिहायला सांगणार नाही. पण समोरच्याला म्हाताऱ्या माणसावर केस चालवायची हौस नसते. त्यांना फोल्डर बंद हवंय आणि माफी हवीय. काकांना यातलं तांत्रिक कितपत कळतं, जितकं कळतं तितकंच आपण लिहू. तू सांग. कितपत कळतं?"

बाबा माझ्या शेजारच्या खुर्चीवर होते. आमच्या कोपरांत जेमतेम वीतभर अंतर असेल. मला ते बाकडं दिसत होतं.

"काही नाही," मी म्हटलं. "त्यांना फोनसुद्धा नीट लावता येत नाही. सगळं इतर लोक करत होते. ते नुसते नावाला."

मैत्रिणीने बाबांकडे बघितलं. बाबांनी समोरच्या कॅलेंडरकडे बघितलं. कुणीच काही बोललं नाही, आणि न बोलणं म्हणजे होकार, असं आम्ही तिघांनीही धरून चाललो.

निवेदन मीच टाइप केलं, तिच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर. ती सांगत होती, मी आवश्यक वाटेल तिथे भर घालत होते. वयोमानामुळे. आधुनिक तंत्रज्ञानाचं ज्ञान नाही. माझ्या नावाचा वापर इतरांनी केला. फोल्डरमध्ये काय ठेवलं जातं आणि ते कोण नेतं, याची मला कल्पना नव्हती. वरील वाक्य माझ्या नावाने अन्य कोणी लिहिलं असावं. शेवटी मीच एक ओळ घातली, म्हणजे शंकेला जागा राहू नये: मला त्यातलं काही कळत नाही.

कागद छापून बाबांसमोर ठेवला. त्यांनी पेन मागितलं. चष्मा खिशातच राहिला. एकही ओळ न वाचता त्यांनी सही केली, आणि कागद माझ्याकडे न सरकवता तसाच टेबलावर ठेवून दिला. सही नेहमीसारखीच आली, ठसठशीत. मी ती बघितली आणि सुटले असं मला वाटलं. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं.

घरी येऊन मी फोल्डर पुसून टाकलं. 'नापास'सकट.

कंपनीने केस केली नाही. एकदा भेटून मिटवू म्हणाले. ठरल्या दिवशी मैत्रिणीच्या ऑफिसात कंपनीचा वकील आला आणि त्याच्याबरोबर आणखी एक माणूस आला, चाळिशीचा, हातात हेल्मेट. तो आंबिवलीहून आलेला. नोटिशीतले बरेचसे ट्रॅक त्याने बनवलेले होते. एका खोलीत भिंतींना गोधड्या टांगून तो ढोलकीपासून बासरीपर्यंत सगळं स्वतः वाजवतो आणि कंपनीला देतो. जेवढे विकले जातात तेवढ्याचाच वाटा त्याला मिळतो. आमच्या फोल्डरमुळे विकणं जवळजवळ थांबलेलं.

"मी कुणाला शिव्या द्यायला नाय आलो," तो म्हणाला. "पण मॅडम, एक ट्रॅक करताना माझी कंबर मोडते. आणि लोक म्हणतात, फुकट आहे तिथून घे. घरी काय सांगायचं मी?"

इतके दिवस मी कंपनी म्हणजे एक मोठी काचेची इमारत समजत होते. तिच्यात कुणी गोधड्या टांगत असेल असं वाटलं नव्हतं.

निवेदनाची प्रत त्याच्यापुढे होती. ती त्याने वाचली, खाली ठेवली, आणि बाबांकडे वळला. त्याचा चेहरा बदलला होता.

"काका, एक विचारू? फोल्डर मी पहिल्यांदा उघडलं ना, ते रागानेच उघडलेलं. पण आत बघितलं तर सगळं पट्टीप्रमाणे लावलेलं. माझ्याकडे पण एवढं नीट नाय. एका ट्रॅकची पट्टी मी चुकीची टाकलेली, तिथे कुणीतरी दुरुस्त करून लिहिलंय. आणि माझे पाच ट्रॅक नापासमध्ये होते. मी परत ऐकले. नापासच होते ते. ठेका खरंच सुटलेला." तो जरा हसला. "हे ज्याने केलं त्याला बघायचं होतं मला. तुम्हीच ना ते?"

कंपनीचा वकील मान वर करून बघू लागला. मैत्रीण अगदी स्थिर बसली. बाबांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी ओळखलं. पहिल्यांदा गाऊन आल्यावर चहा मागताना होतं तेच. त्यांनी तोंड उघडलं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी मान हलवली नाही. पण डोळ्यांनी नको म्हटलं, आणि ते त्यांना वाचता आलं. त्याला चष्मा लागत नाही.

"मला त्यातलं काही कळत नाही," बाबा म्हणाले.

"मग कुणी केलं असेल?" त्या माणसाने विचारलं. तो खरोखरच उत्सुक होता.

"कल्पना नाही."

प्रकरण तिथे मिटलं. माफीचं पत्र, पुन्हा असं होणार नाही याची हमी, सह्या. जाताना त्या माणसाने वाकून बाबांना नमस्कार केला आणि हेल्मेट घालून निघून गेला. रिक्षात मी बाबांचा हात धरून बसले आणि म्हटलं, "सुटलो बाबा." ते बाहेर बघत होते.

पुढे ग्रुप पुन्हा जमला. माणसं थोडी लाजत परत आली. आता प्रत्येक जण आपला ट्रॅक आपण विकत घेतो, निदान तसं म्हणतो. शालवाल्या काकांचा फोन आला, अमक्या गाण्याची पट्टी कोणती घेऊ म्हणून. मी स्पीकरवर ठेवला. बाबा म्हणाले, "मला त्यातलं काही कळत नाही." काका मोठ्याने हसले. मीही हसले. रुसलेत, म्हटलं, चार दिवस चालेल.

पेन्शनसाठी हयातीचा दाखला ते दर वर्षी स्वतः फोनवर करायचे, चेहरा दाखवून. या वर्षी त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. "तूच कर. मला कळत नाही." मग टीव्हीचा रिमोट. मग प्रेशरची गोळी सकाळची कोणती, संध्याकाळची कोणती. त्यांनीच त्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, त्यांच्याच अक्षरात. डबी हातात घेऊन ते माझी वाट बघत उभे होते. मी चिडले. "बाबा, पुरे झालं आता. मला शिक्षा करताय का?" त्यांनी माझ्याकडे इतक्या साध्या नजरेने बघितलं की मी डबी घेऊन गोळी काढून दिली.

डॉक्टर म्हणाले, वय आहे. या वयात असं होतं. कधीपासून होतंय, त्यांनी विचारलं. मी कॅलेंडर असलेली ती खोली आठवत बसले.

मागच्या रविवारी मी ठरवून केलं. पेटी खाली काढली, फोनवर बाबांच्या सर्वांत आवडत्या गाण्याचा ट्रॅक लावला, पट्टी मुद्दाम दोन सुरांनी चढवून. आणि स्वतः गायला लागले. मला गाता येत नाही. एरवी मी नुसतं गुणगुणले तरी ते आतून ओरडायचे, अगं, सूर कुठे तुझा, पट्टी बघ आधी. मी ओढूनताणून वरचे सूर लावत होते, घसा फाटत होता, आणि गाताना त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. एक आठी पडू दे. एकदा ओरडू देत माझ्यावर.

बाबा पूर्ण गाणं शांत बसून ऐकत राहिले. संपल्यावर म्हणाले, "छान म्हणतेस."

ते मला हरवतायत की हरवत चाललेत, मला समजत नाही. सरळ विचारावं, असं रोज वाटतं. बाबा, तुम्हाला खरंच कळत नाही का? पण विचारायची मला भीती वाटते. त्याचं उत्तर काय येईल ते मला माहीत आहे. मीच टाइप केलंय ते, आणि खाली त्यांची सही आहे.